पी-१८७

गोषवारा अडीचशे शब्दांत, फॉर्म म्हणतो.
माझे तीनशे अकरा.
रविवार, रात्रीचे साडेदहा. बाराला दार बंद.
आधी विशेषणं गेली, ती जातातच.
मग "सदर" गेलं, "प्रस्तुत" गेलं,
"बहुधा" काढायला गेले
तर कामेरकर सर फोनवर ओरडले,
बहुधा ठेव, आपलं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

तरी एक वाक्य जास्त होत होतं, एकोणीस शब्दांचं:
मनोरीच्या खाडीत तिसऱ्या वेचणाऱ्या ब्रिजित किणी यांनी
आमच्या मोजणीच्या तीन वर्षं आधीच सांगितलं होतं
की शिंपी आता पापडासारखी मोडते.

काढलं.
दोनशे एकोणपन्नास.
हातात एक शब्द उरला,
तो कुठे ठेवावा सुचेना.

पुढचा रकाना: कसं सादर करू इच्छिता?
तोंडी. पोस्टर. काहीही चालेल.
मी "तोंडी"वर टिचकी मारली.
सात वर्षं. अकराशे शेहेचाळीस शिंपल्या,
एकेक व्हर्नियरच्या चिमटीत धरलेली.
बारा मिनिटं बोलायला
आणि तीन प्रश्नांना.
एवढं तर मागू शकते.

दीड महिन्यानं उत्तर: कळवण्यास आनंद होतो की.
आनंद त्यांना.
मला पोस्टर.
म्हणजे तोंडी नाही,
तोंडी लावायला.
आई म्हणाली, भिंतीला कान असतात ना,
मग तुझ्या भिंतीला तोंड असेल. जा.

फोर्टातल्या गल्लीत, बँकेच्या मागच्या अंगाला,
मुस्तफाभाईंच्या मशीनमधून
आधी कुणाच्या तरी बाराव्याचा फ्लेक्स निघत होता,
हात जोडलेला हसरा माणूस, कमरेपर्यंत छापून झालेला.
त्याच्या मागे माझा नंबर.
मॅडम, ते म्हणाले, दोन हात लांबून वाचता यायला हवं.
लोक उभे नाही राहत.
मयताला नाही राहत, तुमच्या शिंपल्यांना कुठून राहणार?

अक्षर मोठं केलं. दोन आलेख गेले.
संदर्भ तिळाएवढे झाले.
आणि खाली, उजव्या कोपऱ्यात,
जागा झाली एका फोटोला:
ब्रिजितबाईंचा तळहात, त्यावर तिसरी,
तिला टेकवलेला अंगठा.

पट्टी कुठाय, सरांनी विचारलं, स्केल?
अंगठा आहे ना, म्हटलं.
मोजलाय. रुंदी एकवीस मिलिमीटर.

कलिन्यात, सव्वाचार ते सव्वापाच, चहाच्याच वेळी,
मी आणि पी-१८७ शेजारी शेजारी उभ्या.
डावीकडे कुणाचे तरी जीवाणू, उजवीकडे रिकामा बोर्ड,
पी-१८८ आलाच नव्हता.
परीक्षक आले. चष्मा कपाळावर, बिस्किट हातात.
हे प्रमाण म्हणून ग्राह्य नाही, अंगठ्याकडे बोट.
म्हटलं, सर, रेशनच्या मशीनलाही नाही.
ठसा झिजलाय. शिंपल्या उघडून उघडून.
ते हसले नाहीत.
कागदावर काहीतरी लिहिलं,
पुढे गेले.

मग मी पहिल्यांदाच
दोन हात लांब जाऊन पाहिलं.
वर, लेखकांच्या ओळीत, चार नावं.
सगळ्यांच्या पुढे पदव्या.
खाली, जिथे सही करतात तिथे,
अंगठा.

पुढच्या अमावास्येला ओहोटी सकाळची होती.
मार्व्याहून होडीनं गेले, नळी काखेत.
ब्रिजितबाईंनी पोस्टर खाटेवर पसरलं,
चार कोपऱ्यांवर तिसऱ्यांची चार पातेली ठेवली, उडू नये म्हणून.
एक बरोबर निष्कर्षांवर बसलं.
स्वतःचा हात ओळखला. बाकी सोडून दिलं.
किती जण थांबली गो?

अकरा, म्हटलं.
त्यातले दोन चहा कुठाय विचारायला.

पातेल्यातली एक तिसरी उचलून
त्यांनी नखानं ठोकून पाहिली.
मग बरंय की, म्हणाल्या.
माझ्या टोपलीपाशी पण तेवढीच थांबतात.
भाव विचारतात
नि जातात.